विनामूल्य ब्लॉग : जागा परक्याची, वही घरची

चार दानांमध्ये शास्त्रदानाला जैन परंपरेने मोठे स्थान दिले आहे. छापखाने येण्यापूर्वी श्रावक-श्राविका लेखनिकाला द्रव्य देऊन ग्रंथाची प्रत करवून घेत आणि ती मुनिवर्गाला किंवा भांडाराला अर्पण करीत. प्रतीच्या अखेरीस संवत, गाव, लिहिणाऱ्याचे व लिहविणाऱ्याचे नाव यांची नोंद असे. पाटण, जैसलमेर, मूडबिद्री येथील भांडारे याच परंपरेने समृद्ध झाली. विदर्भातील कारंजा येथेही अशी भांडारे आहेत. तेथील हस्तलिखितांच्या आधारे डॉ. हीरालाल जैन यांनी १९३०नंतरच्या दशकात पुष्पदंताच्या ‘णायकुमारचरिउ’सारखे अपभ्रंश ग्रंथ संपादित करून प्रसिद्ध केले. दहाव्या शतकातील कवीची रचना विसाव्या शतकातील वाचकाच्या हाती आली. त्याचे श्रेय मधल्या काळात प्रती करणाऱ्यांना जितके आहे, तितकेच त्या प्रती जपणाऱ्यांनाही आहे. लिहिणे आणि जपणे ही दोन निराळी कामे आहेत. आजच्या काळात विनामूल्य ब्लॉग सुरू करू इच्छिणाऱ्याने हा फरक प्रथम ध्यानात घ्यावा.

ब्लॉग म्हणजे इंटरनेटवर तारीखवार मांडलेले लेखन. व्यापारी घरांना त्याची ओळख रोजमेळाच्या उपमेने सहज पटेल. रोजमेळात दिवसामागून दिवस नोंदी होत जातात, तशाच ब्लॉगमध्ये लेखामागून लेख जमत जातात. फरक इतकाच, की येथे सर्वांत नवी नोंद सर्वांत वर दिसते. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘जैन बोधक’ हे मराठी नियतकालिक सुरू केले, तेव्हा छापखाना, कागद, टपाल आणि वर्गणी या सर्वांची जुळवाजुळव करावी लागली होती. आज एक ईमेल खाते आणि एक मोबाइल यांवर घरबसल्या लेख प्रसिद्ध करता येतो. मुळीच खर्च नसल्यामुळे ही सोय हलकी वाटते आणि तिच्याकडे पुरेशा गांभीर्याने पाहिले जात नाही.

आधी विषय, मग जागा

ब्लॉग उघडणाऱ्यांपैकी अनेकांचा उत्साह नाव ठरविण्यात आणि रंग निवडण्यात संपतो. पहिला लेख लिहून झाला, की दुसऱ्याला विषय सुचत नाही. म्हणून संगणकासमोर बसण्यापूर्वी साध्या वहीत दहा विषय लिहून काढावेत. दहा सुचले नाहीत, तर ब्लॉगची घाई करू नये.

व्यापारी कुटुंबात विषयांची वाण नसते. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. पुढील वर्षापासून शेर आणि मण टप्प्याटप्प्याने मागे पडून किलोग्रॅमचे माप आले. त्या काळी वडिलांच्या शेजारी गल्ल्यावर बसणारा पंधरा वर्षांचा मुलगा आज ऐंशी वर्षे ओलांडून गेला आहे. गिऱ्हाइकाला आण्याचे पैसे कसे समजावून सांगितले, जुनी वजने कोठे गेली, खतावणीतले आकडे कसे बदलले, हे त्याच्याकडूनच कळू शकते. सरकारी ग्रंथांत कायद्याची तारीख मिळेल. एखाद्या तालुक्याच्या बाजारपेठेत त्या दिवशी काय घडले, हे मात्र तेथे मिळणार नाही.

घरातील स्त्रियांकडे असलेले ज्ञान तर बहुधा कधीच कागदावर उतरलेले नसते. तिथीच्या दिवशी हिरवी भाजी नसताना डाळी, बेसन आणि पापड यांवर संपूर्ण जेवण कसे उभे करावे. बटाट्याच्या जागी कच्चे केळे कोठे चालते आणि कोठे चालत नाही. आयंबिलात तेल, तूप, दूध, गूळ यांच्याविना अन्न रुचकर कसे ठेवावे. वर्षीतपाच्या पारण्याची तयारी किती दिवस आधी सुरू होते, या सर्व गोष्टी सासूकडून सुनेकडे बोलण्यातूनच जात आल्या. आता मुले पुण्या-बंगळुरात किंवा परदेशात राहतात. बोलण्याचा तो सहवासच उरलेला नाही. आजी ‘अंदाजाने’ जे घालते, ते एकदा वाटीने मोजून लिहून ठेवले, तर ती पाककृती नातीच्या स्वयंपाकघरात पुन्हा सिद्ध होईल.

भुसार किंवा किराणा व्यापाऱ्यासाठीही असेच विषय आहेत. गहू आणि तुरीची डाळ यांना एरंडेल चोळून ठेवण्याची रीत, साठवणीपूर्वी ऊन देण्याचा योग्य काळ, कीड मुळात उत्पन्नच होऊ नये म्हणून घ्यावयाची काळजी, या विषयांत व्यवहार आणि अहिंसा एकत्र येतात. मालाची जाहिरात करणारा ब्लॉग वाचक एकदा पाहतो. मालाची पारख शिकविणाऱ्या ब्लॉगकडे तो पुन्हा येतो.

‘विनामूल्य’ या शब्दाचा अर्थ

नवशिक्यांसमोर सामान्यतः दोन नावे येतात. ‘ब्लॉगर’ ही सेवा ऑगस्ट १९९९मध्ये अमेरिकेतील पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने सुरू केली. २००३मध्ये ती गूगलने विकत घेतली. ‘वर्डप्रेस’ ही प्रणाली २००३मध्ये निघाली. त्या नावाने दोन गोष्टी चालत असल्यामुळे नवशिक्याचा गोंधळ होतो. एक म्हणजे कोणीही उतरवून स्वतःच्या भाड्याच्या सर्व्हरवर बसवू शकेल अशी मुक्त प्रणाली. दुसरी म्हणजे २००५पासून चालू असलेली वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार सेवा. तयार सेवेत विनामूल्य ब्लॉग मिळतो, पण त्यावर कंपनी आपल्या जाहिराती दाखवू शकते. ब्लॉगरमध्ये जाहिराती लावावयाच्या की नाही, हे ब्लॉगचा मालक ठरवितो. त्याची मांडणीही सोपी आहे. पहिल्या प्रयत्नासाठी म्हणून तोच अधिक सोयीचा ठरतो.

तथापि कोणतीही जागा फुकट मिळाली, की ती कोणाच्या मालकीची, हा प्रश्न व्यापारी प्रथम विचारतो. तोच प्रश्न येथे विचारला पाहिजे. विनामूल्य ब्लॉग म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीच्या ओट्यावर मांडलेले दुकान होय. माल आपला, पण ओटा मालकाचा. नव्वदच्या दशकात जिओसिटीज या सेवेवर असंख्य लोकांनी आपली विनामूल्य पाने उभारली होती. याहूने ती विकत घेतली आणि २००९मध्ये बंद केली. पोस्टरस नावाची विनामूल्य ब्लॉगसेवा ट्विटरने २०१२मध्ये घेतली व २०१३मध्ये तिला टाळे लागले. पूर्वसूचना देण्यात आल्या होत्या, परंतु ज्यांनी त्या पाहिल्या नाहीत किंवा जे हयात नव्हते, त्यांचे लेखन वाचले नाही. ओट्यावर दुकान मांडू नये, असा याचा अर्थ नाही. मालाची यादी आणि गोदाम मात्र स्वतःच्या ताब्यात असावे.

खाते आणि पत्ता

ब्लॉगरसाठी गूगलचे खाते लागते. दुकानाची बँक, वस्तू व सेवा कर, आयकर यांचा पत्रव्यवहार ज्या खात्यावर येतो, ते खाते येथे वापरू नये. ब्लॉगसाठी निराळे खाते उघडावे, त्याला कोठेही न वापरलेला पासवर्ड द्यावा आणि द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी. खाते परत मिळविण्यासाठी जो मोबाइल क्रमांक दिला जातो, तो घरातील जबाबदार व्यक्तीचा असावा. दुकानातील नोकराच्या किंवा ब्लॉग ‘करून देणाऱ्या’ ओळखीच्या मुलाच्या क्रमांकावर खाते उघडले जाते आणि पुढे तो क्रमांक बदलला, की मालकालाच आत जाता येत नाही. ब्लॉग उघडण्यासाठी कोणालाही पैसे देण्याची किंवा ओटीपी सांगण्याची गरज नसते.

त्यानंतर ब्लॉगर डॉट कॉम उघडून प्रथम ब्लॉगचे शीर्षक द्यावे लागते. शीर्षक देवनागरीत चालते. पत्ता मात्र रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ यांतूनच बनवावा लागतो व त्याच्या अखेरीस ब्लॉगस्पॉट डॉट कॉम हे शब्द येतात. पत्ता लहान आणि फोनवर सांगितल्यावर लिहून घेता येईल असा असावा. तो पुढे बदलता येतो, पण मग नातेवाइकांना पूर्वी पाठविलेले दुवे उघडत नाहीत. म्हणून पहिल्याच वेळी घरातील दोघा-तिघांना विचारून तो निश्चित करावा. वर्षभर लेखन टिकले, तर वार्षिक शुल्क भरून स्वतःच्या नावाचा स्वतंत्र पत्ता घेता येतो आणि ब्लॉगरला जोडता येतो. पहिल्याच दिवशी तो खर्च करण्याचे कारण नाही.

रूपरेषेसाठी दिलेल्या तयार नमुन्यांतून सर्वांत साधा निवडावा. पांढरी पार्श्वभूमी, काळी अक्षरे आणि वाचता येईल असा आकार एवढे पुरेसे आहे. बहुतेक नातेवाईक ब्लॉग मोबाइलवरच उघडतील. त्यामुळे तो मोबाइलवर कसा दिसतो, हे घरातील ज्येष्ठांच्या डोळ्यांनी तपासून घ्यावे.

मराठी लेखन

मराठी टंकलेखन येत नाही, या कारणाने अनेकांचे पाऊल अडते. मोबाइलच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी भाषा निवडली, की देवनागरी अक्षरे समोर येतात. ध्वनिचिन्हावर बोट ठेवून बोलल्यासही मराठी मजकूर उमटतो. ज्येष्ठांसाठी ही सोय मोठी आहे. आजोबांनी बोलावे आणि नातवाने फोन धरावा. विरामचिन्हे मात्र हाताने द्यावी लागतात आणि व्यक्तिनामे, गावांची नावे, पारिभाषिक शब्द यांत चुका होतात. ‘पडिक्कमण’ किंवा ‘चउविहार’ यांसारखे शब्द यंत्राला क्वचितच समजतात. त्यामुळे बोलून लिहिलेला मजकूर कोणीतरी एकदा वाचून शुद्ध केल्याशिवाय प्रसिद्ध करू नये.

दुकानातील जुन्या संगणकावर कृतिदेव किंवा तत्सम फाँटमध्ये मजकूर असेल, तर तो जसाच्या तसा ब्लॉगवर घातल्यास वाचकाला निरर्थक चिन्हे दिसतात. ब्लॉगसाठी युनिकोड मराठीच लागते. जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून देणारी साधने आहेत. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार विशेष लक्षपूर्वक तपासावेत.

पहिला लेख

पहिला लेख चारशे-पाचशे शब्दांचा आणि एकाच गोष्टीविषयी असावा. ‘आमच्या घराण्याचा इतिहास’ हा पहिल्या लेखाचा विषय नव्हे. ‘पेढीची पहिली तराजू’, ‘काकूंच्या अठ्ठाईचे आठ दिवस’ किंवा ‘मुगवड्या घालण्याची रीत’ हे पहिल्या लेखाचे विषय होत. तारीख, गाव, माणसांचे परस्परांशी नाते आणि वस्तूचे माप या चार गोष्टी प्रत्येक लेखात स्पष्ट असाव्यात. आज घरात सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट तीस वर्षांनी कोणालाच ठाऊक नसते, हे ध्यानात ठेवून लिहावे.

लिहिलेला मजकूर लगेच प्रसिद्ध करणे सक्तीचे नाही. ब्लॉगर तो मसुदा म्हणून राखून ठेवतो आणि वाचकाला कसा दिसेल, हेही आधी दाखवितो. मसुदा एक रात्र ठेवावा, सकाळी मोठ्याने वाचावा, मग प्रसिद्ध करावा. प्रत्येक लेखाला ‘पेढी’, ‘स्वयंपाक’, ‘तीर्थयात्रा’ अशी एक-दोन विषयनामे द्यावीत. खतावणीत जशी खात्यांची पाने, तशी ही विषयनामे. लेख वाढले, की एका विषयावरचे सारे लेखन त्यांच्यामुळे एकत्र सापडते. कुटुंबाची ओळख देणारा मजकूर मात्र लेख म्हणून न घालता स्वतंत्र स्थिर पान करून ठेवावा. म्हणजे तो खाली सरकत जात नाही.

छायाचित्रे स्वतः काढलेली किंवा घरातील असावीत. इंटरनेटवरून उचललेले चित्र कोणाच्या तरी मालकीचे असते. भारतात लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे राहतो. म्हणून एखाद्या ग्रंथातील प्रकरण किंवा महाराजसाहेबांच्या प्रवचनाची संपूर्ण नोंद परवानगीशिवाय देऊ नये. अचौर्य व्रताची व्याप्ती गल्ल्यापुरती नाही.

काय लिहू नये

प्रसिद्ध केलेला लेख परगावचा अनोळखी मनुष्यही वाचू शकतो. पालीताणा किंवा शिखरजीच्या यात्रेचे वर्णन यात्रा चालू असताना घालणे म्हणजे घर आणि दुकान बंद असल्याची दवंडी पिटणे होय. ते परतल्यावर लिहावे. घराचा पत्ता, मोबाइल क्रमांक, जन्मतारखा, मुलांच्या शाळेचे नाव आणि दागदागिन्यांची छायाचित्रे ब्लॉगवर येऊ नयेत. भागीदारीतील वाद, उधारीची नावे, सोयरिकीच्या बोलण्यांतील कटुता हे विषय घरातच राहावेत. हयात व्यक्तीविषयी लिहिताना तिची संमती घ्यावी. संमती मागणे अवघड वाटत असेल, तर तो मजकूर प्रसिद्ध करू नये, हे समजावे.

भाषासमितीचा उपदेश येथे शब्दशः लागू पडतो. बोललेला शब्द विरून जातो, ब्लॉगवरील शब्दाचे छायाचित्र काढून कोणीही तो फिरवू शकतो. वाचकांचे अभिप्राय मालकाच्या मान्यतेनंतरच दिसावेत, अशी सोय सेटिंगमध्ये आहे. ती प्रारंभीच चालू करावी. चूक कोणी दाखवून दिली, तर ती दुरुस्त करून दुरुस्तीची तारीख लेखाखाली नमूद करावी.

संकोच वाटणाऱ्यांसाठी एक मध्यम मार्गही आहे. ब्लॉग सर्वांसाठी खुला न ठेवता केवळ निवडलेल्या वाचकांनाच दिसेल, अशी योजना ब्लॉगरमध्ये करता येते. पहिले सहा महिने केवळ कुटुंबीयांनी वाचावे आणि हात बसल्यावर योग्य ते लेख जगासमोर आणावेत, हा क्रम अनेक घरांना मानवेल.

प्रत आणि वारस

आता त्या दुसऱ्या कामाकडे, म्हणजे जपणुकीकडे वळावयाचे. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये ब्लॉगची प्रत उतरवून घेण्याची सोय आहे. गूगलच्या ‘टेकआउट’ या सेवेतूनही ती घेता येते. मूळ छायाचित्रे निराळी जपून ठेवावीत. अशी प्रत संगणकावर एक आणि पेन ड्राइव्हवर एक, आणि तीही दोन निरनिराळ्या घरांत ठेवावी. याशिवाय वर्षभरातील लेख कागदावर छापून त्यांची बांधीव वही करावी. कागद वाचण्यासाठी पासवर्ड लागत नाही.

वारसाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. दुकानाचा भाडेकरार, लॉकर, विमा यांना वारसाचे नाव असते, ईमेल खात्याला मात्र कोणीच ते लावत नाही. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते आतील मजकुरासह हटविता येईल, असे धोरण गूगलने २०२३मध्ये जाहीर केले आहे. आजोबांच्या निधनानंतर त्यांचे खाते कोणी उघडलेच नाही, तर दोन वर्षांनी त्यांचे सारे लेखन कोणाचाही दोष नसताना नाहीसे होऊ शकते.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही विनामूल्य आहेत. पहिला, ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये घरातील दुसऱ्या व्यक्तीला सहलेखक म्हणून आमंत्रण द्यावे आणि नंतर तिला व्यवस्थापकाचा अधिकार द्यावा. एका खात्याची अडचण झाली, तरी दुसऱ्या खात्यातून ब्लॉग चालविता येतो. दुसरा, गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये निष्क्रिय खात्याच्या व्यवस्थेची तरतूद आहे. तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने खाते वापरले गेले नाही, तर कोणाला कळवावे आणि कोणता मजकूर त्यांच्या स्वाधीन करावा, हे तेथे आधीच नमूद करून ठेवता येते. मुलाला किंवा सुनेला शेजारी बसवून अर्ध्या तासात हे काम होते.

भांडारांतील ग्रंथांची झाडलोट आणि पूजन यांसाठी परंपरेने दिवस नेमून दिले आहेत. श्वेतांबर घरांत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी येते, दिगंबर घरांत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी. त्याच दिवशी ब्लॉगची वार्षिक प्रत उतरवून घ्यावी, वर्षभराचे लेख छापावेत, पासवर्ड आणि वारसाची तरतूद तपासावी. मग त्या छापील वहीच्या शेवटच्या पानावर हाताने चार ओळी लिहाव्यात : संवत कोणते, गाव कोणते, सांगितले कोणी आणि लिहून घेतले कोणी.